घडीमामांना कोणी मारेना

आमच्या लाँड्रीत वर्षातून एक आठवडा माणसं एकमेकांना मारतात. नव्या माणसाला हे सांगितलं की तो दाराकडे बघायला लागतो, म्हणून आधीच सांगून टाकते, मारायचं ते कपडे वाळत घालायच्या चिमट्याने. ज्याला मारायचं त्याच्या पाठीवर, शर्टाला किंवा एप्रनला, चिमटा लावायचा आणि दहापर्यंत मोजायचं. तेवढ्यात त्याने तो स्वतःच्या हाताने काढला तर तो वाचला. नाही काढला तर तो 'वाळला'. वाळलेल्याने आपला चिमटा मारणाऱ्याला द्यायचा आणि उरलेला आठवडा सगळ्यांसाठी चहा करायचा. आमच्याकडे मेलेली माणसं चहा करतात, आणि बहुतेकांचा चहा मेलेल्या माणसाने केल्यासारखाच असतो.

हा खेळ आणला घडीमामांनी. आमचं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलं. वर्षातून एक आठवडा असा येतो की हॉटेलं ओस पडतात, चादरी येत नाहीत, आणि रिकामी माणसं एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसतात. एका वर्षी रोलरच्या इस्त्रीवरच्या दोघी सख्ख्या बहिणींनी अशा आठवड्यात बोलणं टाकलं होतं. मामांनी मॅनेजरबाईंकडून चिमट्यांची पिशवी मागून घेतली आणि दोघींना एका जोडीत घातलं. तिसऱ्या दिवशी दोघी मिळून व्हॅनच्या ड्रायव्हरला मारण्याचा कट करत होत्या. तेव्हापासून खेळ सुरू आहे.

मामा म्हणजे कोणाचे सख्खे मामा नव्हेत. ते सगळ्यांना भाचा नाहीतर भाची म्हणतात, म्हणून ते मामा, आणि घडी घालतात म्हणून घडीमामा. उंच, हडकुळे, कान जरा बाहेर आलेले. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे मामींच्या मते, ते कान आहेत म्हणून टोपी नाकावर येत नाही. आमच्याकडे कोणीही कामाला लागला, बॉयलरवर असो की व्हॅनवर की बाहेरच्या काउंटरवर, पहिले काही महिने तो घडीच्या टेबलावर मामांच्या समोर उभा राहतो. मॅनेजरबाईसुद्धा उभ्या राहिल्या होत्या. मी उभी राहिले ती कायमचीच.

मोठ्या पलंगाची चादर एकट्याने घडी होत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायची, ताणायची, मग एकमेकांकडे चालत यायचं. मी माझे दोन कोपरे मामांच्या हातात द्यायचे, मामांनी चारही कोपरे धरून हात वर करून उभं राहायचं, मी खाली वाकून लोंबती घडी उचलायची आणि परत मागे जायचं. दिवसभर हेच. समोरच्याचं तोंड इतकं बघावं लागतं की मी माझ्या नवऱ्याचंही तेवढं बघितलेलं नाही. (त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, बरंच आहे.)

मामांचा एकच हट्ट. धुतलेली चादर जमिनीला लागता कामा नये. लागली तर ती पुन्हा धुवायला जाते, आणि पुन्हा धुणारं कोणीतरी माणूसच असतं, एवढंच ते सांगायचे, तेही पहिल्या दिवशी आणि एकदाच. एकदा चारही कोपरे हातात असताना त्यांच्या मानेवर गांधीलमाशी बसली. मी बघत होते, ते बघत नव्हते, पण त्यांना कळलं होतं. माशी चावली. मामांनी घडी पुरी केली, चादर ढिगावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला आणि मग म्हणाले, चावली वाटतं.

अशा माणसाने चिमट्याचा खेळ कसा खेळावा? सरळ. आणि सरळ खेळणारा आमच्याकडे पहिल्या दोन दिवसांत चहाच्या किटलीपाशी जातो. एका वर्षी ड्रायव्हरने त्यांच्या कोटाच्या टोकाला चिमटा लावला आणि तेवढ्यात फोन आला म्हणून मोजायचंच विसरला. संध्याकाळी मामा घरी गेले, मामींनी कोट खुंटीला लावताना चिमटा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले, एप्रन बांधला, आणि आपला चिमटा ड्रायव्हरपुढे धरून म्हणाले, मी काल वाळलो. ड्रायव्हर म्हणाला, मामा, मी मोजलंच नव्हतं, हे धरायचं नाही. मामा म्हणाले, "मोजायला तू विसरलास. मरायला मी विसरलो नाही." आणि किटली ठेवली.

त्यांचा चहा मात्र असा की त्यांनी लवकर मरावं म्हणून लोक मनातून देव पाण्यात घालून बसायचे. कप आधी गरम पाण्याने विसळायचे, आणि कोणाला साखर किती ते पाठ असूनही दर वेळी विचारायचे. त्या विचारण्यातच अर्धा गोडवा होता.

खेळात सगळे जोडीने असतात, कारण आमचं कामच जोडीचं. दोघं धुण्याच्या मशीनवर, दोघी रोलरवर, दोघं व्हॅनवर. प्रत्येक जोडीने एक चिठ्ठी उचलायची, तीत दुसऱ्या एका जोडीचं नाव. ती जोडी मारली की तिची चिठ्ठी आपली. जोडीदाराला तोंडाने सावध करायचं नाही, त्याच्या पाठीचा चिमटा आपण काढायचा नाही. पण कामातून काही कळवता आलं तर कळवावं. मामांची आणि माझी खूण चादरीतली. मी दोन झटके दिले की समजायचं, मागे कोणीतरी आहे. चादर दोघांच्या मध्ये ताणलेली असली की माझी पाठ मामांना सांभाळायची आणि त्यांची मला. इतक्या वर्षांत मामांनी खोटा झटका एकदाही दिला नाही, गमतीनेसुद्धा नाही. मी दिला आहे. त्यांनी तेव्हा नुसतं बघितलं, आणि मला दिवसभर पाणी गोड लागलं नाही.

आणखी एक नियम होता, बॉयलरपाशी आणि गरम रोलरपाशी खेळ नाही. तो नियम जिवाच्या काळजीचा, पण आमच्या बॉयलरवाल्याने, ज्याला सगळे वाफ्या म्हणतात, त्याचं घर केलं होतं. तो आठवडाभर बॉयलरच्या बाजूला स्टूल टाकून बसायचा, चहासुद्धा तिथेच मागवायचा, आणि सगळे मेले की बाहेर येऊन जिंकायचा. आयत्या बिळावर नागोबा.

यंदाचा मंदीचा आठवडा आला तो मामांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. शनिवारी ते कायमचे घरी जाणार होते.

चिठ्ठ्या उचलल्या, आणि पहिल्याच दिवशी आम्ही दोघांनी ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार असे दोघेही वाळवले. मंगळवारी धुण्याच्या मशीनवरची जोडी. मला तर आभाळ ठेंगणं झालं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की आमची जोडी आता अशी काही पक्की झाली आहे की बस. त्याच संध्याकाळी वाफ्या बॉयलर सोडून घडीच्या खोलीच्या मधोमध आला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि शीळ घालायला लागला. ती पाठ अशी होती की तिच्यावर सिनेमाची जाहिरात चिकटवावी. मी चिमटा लावला, त्याने शीळ पुरी केली, आणि म्हणाला, अरे, मेलो की.

मी खूश. मामांनी चिमटा हातात घेऊन उलटसुलट बघितला. म्हणाले, वाफ्याची पाठ मी आज पहिल्यांदा बघितली.

त्या दिवशी घरी जाताना मी मामांच्या घरी पाणी प्यायला थांबले. आमची वाट एकच. मामा हातपाय धुवायला गेले तशी मामींनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि विचारलं, काय चाललंय तुमच्याकडे. मी म्हटलं, काही नाही, आम्ही जिंकतोय. मामी म्हणाल्या, मग हे असे का येतायत? त्यांचं म्हणणं असं, की वर्षभर मामा खांदे पाडून घरी येतात, दमलेला माणूस येतो तसे. पण या एका आठवड्यात, वाळेपर्यंत, ते ताठ चालतात, कोपऱ्यावर वळताना मागे बघतात, जेवताना भिंतीला पाठ लावून बसतात, रात्री मामी मुद्दाम त्यांच्या सदऱ्याला चिमटा लावतात आणि ते झोपेतसुद्धा काढतात.

"माणसाच्या मागावर कोणी असलं ना, की माणूस ताठ चालतो," मामी म्हणाल्या. "मी वर्षभर या आठवड्याची वाट बघते. यंदा तर शेवटचा. आणि यंदाच हे पाय ओढत येतायत."

मला काही उमगलं नाही. माझं डोकं जिंकण्यात होतं.

खरी गोष्ट अशी होती की सगळी लाँड्री एक झाली होती. मामा कधी जिंकले नाहीत, तर शेवटच्या वर्षी जिंकू दे, असं रोलरवरच्या बहिणींपैकी थोरलीने काढलं आणि एकेक करत सगळे त्यात गेले. ज्याच्याकडे आमच्या जोडीची चिठ्ठी, त्याने आमच्याकडे फिरकायचं नाही. ज्याची चिठ्ठी आमच्याकडे, त्याने पाठ फिरवून उभं राहायचं. मला तेवढं सांगितलं नव्हतं, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. हे खरं आहे, पण ते माझ्या माघारी सगळ्यांनी मिळून ठरवावं याचा मला अजून राग आहे.

मामांना मात्र वास आला होता. बुधवारी घडी घालताना ते म्हणाले, भाची, आपल्याला मारायला कोणीच येत नाही. मी म्हटलं, घाबरतात आपल्याला. मामा हसले नाहीत.

गुरुवारी सकाळी चादर ढिगावर ठेवायला मामा वळले आणि मला त्यांच्या पाठीवर चिमटा दिसला. दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये. पुढची चादर हातात आली तसे मी दोन झटके दिले. मामांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि कोपरे जुळवले. मी आणखी दोन दिले. मग असे दिले की चादरीची शिवण बोलली. मामा म्हणाले, भाची, चादर हॉटेलची आहे. मागे वळेनात, पाठीला हात लावेनात. बोलायची मला बंदी. दहा आकडे कधीच होऊन गेले असतील म्हणून मी मारणारा कोण ते शोधू लागले, तर सगळे आपापल्या कामात असे गर्क की जणू चादरी आजच शोधून काढल्यात. प्रत्येकाने तो चिमटा बघितला होता. नजर तिथे जायची आणि पोळल्यासारखी परत यायची. मारलं कोणी, आणि मारणारा पुढे का येत नाही, मला काही कळेना. मी सकाळभर अशी गोंधळलेली होते की अभ्रे उलटे ठेवले.

चहाच्या आधी मॅनेजरबाई आल्या, मामांच्या पाठीवर थोपटलं, काय मामा, दोनच दिवस राहिले, असं काहीतरी म्हणाल्या आणि गेल्या. मामा वळले तेव्हा पाठ मोकळी होती.

चहाला सगळे जमले. त्या दिवशी वाफ्याच्या हातचा चहा होता, त्यात चमचा उभा राहिला असता. मामांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, सकाळी मी माझा चिमटा घेतला, त्याला निळा दोरा बांधला, आणि सदरा काढून माझ्याच पाठीवर लावून घेतला. ज्याच्याकडे तो असेल त्याने तो टेबलावर ठेवावा.

मग मॅनेजरबाईंनी खिशात हात घातला. त्या खेळाच्या पंच. निळा दोरा बांधलेला चिमटा त्यांनी टेबलावर ठेवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. म्हणाल्या, मामा, कोणीतरी आमचं ठरलेलं विसरून लावला असं वाटलं मला. म्हणून काढला. आम्हाला तुम्ही जिंकायला हवे होतात.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, पण मामा चिडले नाहीत. मला वाटतं चिडले असते तर बरं झालं असतं. आधी त्यांनी थोरलीकडे बघितलं, मग वाफ्याकडे, मग माझ्याकडे, आणि माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं की मला यातलं काही माहीत नव्हतं. तेवढ्याने माझा जीव भांड्यात पडला.

"इतकी वर्षं मी हरलो," ते म्हणाले, "पण दर वर्षी मला मारायला कोणीतरी जिवाचं रान केलं. थोरली एकदा टॉवेलच्या ट्रॉलीत लपून बसली होती, तिला शिंक आली. मी घरी जाऊन ते सांगितलं, आम्ही दोघं हसलो. यंदा मी सोमवारपासून पाठ घेऊन हिंडतोय आणि ती कोणाला नको आहे. तुम्ही मला सोमवारीच घरी पाठवलंत की."

थोरली रडायला लागली. मामा तिला म्हणाले, रडू नको, चहा आधीच खारट आहे.

"मी शनिवारपर्यंत इथे आहे," ते म्हणाले. "तोवर मला जिवंत धरा."

मॅनेजरबाईंनी तिथल्या तिथे खेळ मोडला आणि नवा मांडला. सगळे मेलेले जिवंत. नव्या चिठ्ठ्या, जोड्या त्याच. दोन दिवस हातात. वाफ्या उठून बॉयलरकडे निघाला तेव्हा त्याच्या चालीतच कळलं की आता पाठ दिसायची नाही.

आणि मग जी धमाल सुरू झाली ती मी आमच्या लाँड्रीत कधी पाहिली नव्हती. चार दिवस दाबून ठेवलेली माणसं मामांवर तुटून पडली. धाकटी दाराआड, ड्रायव्हर मळक्या कपड्यांच्या पोत्यामागे, कोण कुठे. ज्यांच्या चिठ्ठीत आमचं नाव नव्हतं तेसुद्धा, चिठ्ठी कधीही आपल्याकडे येईल म्हणून, आतापासून आमच्या पाठी मोजत होते. माझे हात झटके देऊन देऊन भरून आले. मामा झटक्यासरशी असे वळायचे की लावणाऱ्याचा चिमटा हवेतच मिटायचा. पासष्टीच्या घरातला माणूस, पण एकदा तर त्यांनी माझा झटका यायच्या आधीच, माझ्या डोळ्यांत बघून ओळखलं. मला त्यांचे झटके आले तेव्हा मीही वाचले, दोनदा. ताणलेल्या चादरीत दुसऱ्या टोकाचं माणूस आपल्यासाठी जागं आहे हे हाताला कळतं. ते मला शब्दांत सांगता येत नाही, पण शुक्रवारी सकाळी ते इतकं कळलं की मला भरून आलं.

आमच्या चिठ्ठीत होता वाफ्या, आणि त्याची जोडीदार काउंटरवरची नवी मुलगी. तिला सगळे नवीच म्हणत. तिचं घडीच्या टेबलावरचं शिक्षण नुकतंच कुठे संपत आलं होतं, चष्मा जाड, बोलणं कमी. वाफ्याला बाहेर कसं काढायचं हा प्रश्न होता. मामा म्हणाले, तो घडीच्या टेबलावर शिकलाय ना? आम्ही बॉयलरच्या खोलीच्या दाराबाहेर चादर घेऊन गेलो. मामांनी माझ्याशी बोलत बोलत, वाफ्याकडे न बघता, चादरीचे दोन कोपरे त्याच्या दिशेने पुढे केले. आमच्याकडच्या माणसाच्या पुढे चादरीचं टोक आलं की त्याचे हात आपोआप पुढे होतात, त्याला विचार करावा लागत नाही. वाफ्या स्टुलावरून उठला, उंबरा ओलांडला आणि दोन्ही हातांनी टोक धरलं. मी मागून चिमटा लावला. हातात चादर, सोडता येईना. मनात दहा झाले तेव्हा त्याने आपल्या हातांकडे असं बघितलं जसे ते दुसऱ्याच कोणाचे आहेत.

सगळी लाँड्री हसून हसून लोळायची बाकी राहिली होती. मामासुद्धा हसत होते, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दारात नवी उभी होती. ती हसत नव्हती, चष्मा पुसत होती.

शनिवारी दुपारी मी इस्त्री झालेल्या अभ्र्यांचा ढीग हनुवटीपर्यंत घेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून येत होते. मामा टेबलापाशी एकटे. तेवढ्यात नवी एक मोठी चादर घेऊन आली. काउंटरवर गिऱ्हाईक थांबलंय, घडी राहिली, असं काहीतरी पुटपुटली आणि तिने दोन कोपरे मामांच्या पुढे केले.

मामांचे हात पुढे झाले.

मी बघत होते. झटकली, ताणली, दोघं एकमेकांकडे चालत आली. नवीने आपले दोन कोपरे मामांच्या हातात दिले. मामांनी चारही कोपरे धरून हात वर केले, खालची घडी जमिनीपासून वीतभर वर लोंबत राहिली. आता नवीने वाकून ती घडी उचलायची. नवी वाकली नाही. आमच्या जोडीची चिठ्ठी तिच्याकडे होती. ती मामांना वळसा घालून मागे गेली, एप्रनच्या गाठीपाशी चिमटा लावला, आणि घाबरून मनातल्या मनात मोजायचं ते मोठ्याने मोजायला लागली.

मामांना कळलं होतं. एक हात खाली आणून चिमटा काढायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? पण हात खाली आला की चादर जमिनीला लागणार. त्यांनी हात आणखी वर केले. मी अभ्रे घेऊन धावू शकत नव्हते आणि टाकूही शकत नव्हते, त्यांनीच शिकवलेली मी. जवळचं टेबल गाठलं, ढीग ठेवला, आणि धावले. चादरीचं टोक धरायला कोणत्याच नियमाची आडकाठी नव्हती. मी धरलं असतं, त्यांचे हात मोकळे झाले असते.

नवीने मला येताना बघितलं. सहानंतर तिचं मोजणं लांबायला लागलं. सा...त, म्हणाली, आणि थांबली. सगळी खोली थांबली. तिच्या चष्म्याआडचे डोळे मला म्हणत होते, ये ना लवकर.

मामा समोर भिंतीकडे बघत म्हणाले, "भाची, सरळ मोज."

नवीने सरळ मोजलं. आठ, नऊ, दहा. माझी बोटं चादरीला लागली तेव्हा दहा होऊन गेले होते.

मामा मला म्हणाले, आलीच आहेस तर खालची घडी उचल. मी उचलली. आम्ही ती चादर पुरी घातली, कोपऱ्याला कोपरा. माझे डोळे इतके भरले होते की मला कोपरे दिसत नव्हते, पण हातांना दिसत होते. मामांनी चादर ढिगावर ठेवली, वरून हात फिरवला, पाठीचा चिमटा काढून नवीला दिला, मग आपला निळ्या दोऱ्याचाही दिला. म्हणाले, छान मारलंस. वाफ्याला मारलं तेव्हा तू हसली नाहीस, तेव्हाच मला भीती वाटली होती. आणि ते किटली ठेवायला गेले.

त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी त्यांच्या हातचा चहा प्यायला. वाफ्याला किती साखर, थोरलीला किती, मला किती, त्यांनी प्रत्येकाला विचारलं. मॅनेजरबाई बिनसाखरेचा पितात, त्यांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, आज दोन चमचे घाला.

खेळ कोण जिंकलं ते विचारू नका. मामांच्या मागोमाग तासाभरात मला कोणी मारलं तेही विचारू नका. कानामागून आली आणि तिखट झाली, एवढंच सांगते. ती चादर संध्याकाळच्या व्हॅनने हॉटेलात गेली, कोणीतरी तिच्यावर झोपलंही असेल.

संध्याकाळी मी मामांना सोडायला त्यांच्या दारापर्यंत गेले. मामींनी दार उघडलं, आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. जिंकलात का, असं त्यांनी विचारलंच नाही. मामा आत जाताना उंबऱ्यावर वळून एकदा मागे बघून गेले. मामींनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता घडीच्या टेबलावर माझ्या समोर नवी असते. चांगली आहे, फक्त झटके जरा जोरात देते. महिन्यातून एखाद्या रविवारी मी मामांकडे जाते, खिशात चिमटा घेऊन. मामींना ते ठाऊक आहे. त्या दार उघडतात आणि मामा कुठल्या खोलीत आहेत ते डोळ्यांनीच सांगतात. मी पाय न वाजवता आत जाते. मामा पेपर वाचत असतात, भिंतीला पाठ टेकून, ताठ बसून, आणि पेपर खाली न करता म्हणतात, ये भाची.